'गो'चा महिना

कमलाक्का पहिला महिनाभर एकच क्रियापद शिकवत. 'गो'. दुसरं मागून मिळत नसे. मी एकदा 'ईट' मागून पाहिलं, कारण कारखान्याच्या इंग्रज मॅनेजरच्या बाईंकडे चहाला गेलं की खाण्याचा प्रसंग येणार हे उघड होतं. कमलाक्का म्हणाल्या, "आधी जायला शीक. खायचं मग बघू."

आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच्या मागोमाग मीही लग्न होऊन बेंगळूरला आले. हे यंत्रांच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथल्या इंग्रज साहेबांच्या बायका अधूनमधून आमच्यासारख्यांना चहाला बोलवत. पहिल्याच चहाला मॅनेजरच्या बाईंनी माझं नाव विचारलं आणि मी 'यस' म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा 'यस'च म्हटलं, जरा मोठ्यानं. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मला चामराजपेटेतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या कमलाक्कांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. मी रुसले होते. एवढ्या शिकलेल्या बाईला एका 'यस'साठी शाळेत घालतात, हा अपमान मी बरेच दिवस मनात धरून होते.

कमलाक्का उंच, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, केस इतके आवळून बांधलेले की भुवया किंचित वर ओढल्यासारख्या दिसत. नेसायला गोल पातळ आणि पायात मोजे आणि काळे बूट. बेंगळूरच्या हवेत मोजे कशाला, असं मी पहिल्या आठवड्यातच विचारलं, कारण गप्प बसणं मला जमत नाही. त्या म्हणाल्या, "तिकडे थंडी असते. पायाला सवय पाहिजे."

तिकडे म्हणजे विलायतेत. त्यांचे यजमान श्रीपादराव लग्नानंतर लवकरच पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले होते. जाताना सांगून गेले होते की तू इंग्रजी शीक, मग मी तुला बोलावून घेतो. कमलाक्का इंग्रजी शिकल्या. अशा शिकल्या की छावणीतले, म्हणजे कँटोन्मेंटातले, गोरे दुकानदार त्यांच्याशी बोलताना टोपी काढत. बोलावणं मात्र आलं नाही. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा या गोष्टीला पुष्कळ वर्षं होऊन गेली होती, आणि अख्ख्या गल्लीला ती पाठ होती. समोरच्या किराणा दुकानातली गौरम्मा मला उडदाची डाळ बांधून देता देता ओट्याकडे बघत 'पाप' म्हणायची. कानडीत पाप म्हणजे बिचारी. तिच्या तोंडून तो शब्द रोज ऐकायला मिळायचा.

कमलाक्कांचं घराणं बेंगळुरात शे-दीडशे नव्हे, तीनशे वर्षं मुरलेलं. त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि माझ्यापेक्षा कानडी. 'स्वल्प सरक', म्हणजे जरा सरक, 'सरी, पुढं बोल', म्हणजे बरं, पुढं बोल, हे त्यांचं नेहमीचं. पण ते सगळं पायरीच्या खाली. ओट्याला एक पायरी होती. पायरीच्या खाली मराठी, कानडी, काय वाटेल ते बोला; पायरी चढलात की इंग्रजी. येत नसेल तर गप्प बसा. बायका पायरीखाली उभ्या राहून पोटभर बोलून घेत आणि मग तोंड मिटून वर चढत. मला तर काही सांगायचं राहिलं की मी तासातून उठून खाली उतरायची, सांगून टाकायची आणि पुन्हा वर यायची. कमलाक्का हसू दाबून माझ्याकडे पाहत.

आणि 'गो' म्हणजे काय सांगू. मला वाटलं होतं, जाणे, झालं, एका दुपारचं काम. पण या इंग्रजांचं सगळंच जातं. इंग्रज झोपतो म्हणजे झोपायला जातो. फिरतो म्हणजे फिरायला जातो. तो वेडा होत नाही, वेडा जातो. बहिरा जातो, टकला जातो. दूध नासत नाही, वाईट जातं. घंटा वाजत नाही, जाते. दिवे आपलेही जातात, तेवढं एक जुळलं. लग्न कसं झालं असं न विचारता कसं गेलं असं विचारतात. एखाद्यावाचून राहायचं, तर तेही त्याच्यावाचून जायचं. बसल्या जागी या लोकांना काही करताच येत नाही, असं मी पायरीखाली उतरून जाहीर केलं, तेव्हा कमलाक्का पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग म्हणाल्या की म्हणूनच तर ते एवढ्या लांब आले.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी की वाक्य म्हणायचं ते करून दाखवायचं. 'आय ॲम गोइंग टु द शॉप' म्हटलं की उठून खरंच गौरम्माच्या दुकानापर्यंत जायचं. 'आय ॲम गोइंग टु द वेल' म्हटलं की मागच्या आडापर्यंत. बरोबरीच्या चार बायका अशा दिवसभर गल्लीत येरझारा घालत आणि गल्लीतली पोरं आमच्या मागे 'गोइंग, गोइंग' करत फिरत. कुणी अडखळली की ओट्यावरून आवाज यायचा, "गो ऑन, गो ऑन." पुस्तकाला हात लावू देत नसत. पुस्तकातून शिकलेली बाई बंदरावर उभी राहून पानं चाळत बसते, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा विचारलं की सुरुवात 'गो'नंच का, 'कम'नं का नाही? 'कम' तर सोपं. कमलाक्का म्हणाल्या, "'कम' म्हणायला समोर कुणीतरी लागतं ना. 'गो' एकटीला शिकता येतं." त्या स्वतः तशाच शिकल्या होत्या. छावणीत मिस मेबल नावाच्या एका म्हाताऱ्या, कानानं मंद असलेल्या गव्हर्नेसकडे त्या जात. मिस मेबलना ऐकू जावं म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्यानं आणि सुटं सुटं म्हणावं लागे. त्यामुळेच कमलाक्कांचे उच्चार असे लखलखीत झाले असावेत. पुढे मिस मेबलही आपल्या देशी निघून गेल्या. जाताना स्वतःचा लोकरीचा कोट कमलाक्कांना देऊन गेल्या, तिकडे लागेल म्हणून. दर हिवाळ्यात तो कोट दांडीवर उन्हाला पडायचा. कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा ट्रंकेत जायचा.

त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका जाणाऱ्या होत्या. कुणाचा नवरा मँचेस्टरला, कुणाचा ग्लासगोला, एकीचा तर अमेरिकेत. पासपोर्ट होईपर्यंत शिकायच्या आणि निघून जायच्या. इतर मास्तरांचा हुशार विद्यार्थी त्यांच्या नावाचा डंका वाजवत गावात फिरतो. कमलाक्कांची हुशार विद्यार्थिनी पुन्हा दिसतच नसे. सुरुवातीला एखादं रंगीत चित्राचं कार्ड यायचं, मग तेही बंद व्हायचं. मी एकटीच कुठे जाणारी नव्हते. चहापुरतं इंग्रजी आलं तरी मी जातच राहिले, आणि अशीच त्यांच्या घरातली होऊन गेले.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसलेल्या असत. इंग्रजीचा त्यांना मनस्वी तिटकारा. पण निघणाऱ्या प्रत्येक बाईला त्या आतून 'होगि बा' म्हणत. जाऊन ये. त्याशिवाय कुणी पायरी उतरलेली त्यांना चालत नसे. सासूसुना एकमेकींशी फार बोलत नसत. भांडण नव्हतं. एकीला मुलाची लाज वाटायची आणि दुसरी ती वाढू नये म्हणून जपायची, त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की कमलाक्का काहीतरी काम काढून मागच्या आडावर जात. तो पुढे गेला की परत येत. अव्वांच्या हातात काही नाही हे येता येता त्यांना दिसत असे. त्या कधी विचारत नसत.

आम्ही सगळ्याजणी एक चूक करायचो आणि कमलाक्का ती सुधारत नसत. एरवी 'द' राहिला तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आम्ही निघताना 'आय विल गो अँड कम' म्हणायचो. आता हे इंग्रजी नव्हे, हे आम्हालाही कळत होतं. पण निघताना नुसतं 'जाते' कसं म्हणायचं? आपल्यात 'येते' म्हणतात, कानडीत जाऊन येते म्हणतात. नुसतं 'जाते' म्हटलं तर घरातली वडीलमाणसं कानांवर हात ठेवतील. तेव्हा बेंगळूरच्या आम्ही बायका इंग्रजीतही जाऊन यायचो. मी एकदा पायरीखाली उभी राहून विचारलं की अक्का, एवढं एकच कसं चालवून घेता.

त्याही पायरी उतरून खाली आल्या. म्हणाल्या, "ह्यांनी बरोबर म्हटलं होतं. स्टेशनवर. गाडी हलली तेव्हा मित्रांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, आय ॲम गोइंग. अव्वा रडायला लागल्या, येतो म्हण रे, येतो म्हण. हे हसले नुसते. आणि सुमती, मला तेव्हा त्यांचं इतकं कौतुक वाटलं. किती ऐटीत म्हणाले, असं वाटलं." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "तुम्ही चुकीचंच म्हणत जा. काही बिघडत नाही."

एका रविवारी त्यांचं पातेलं परत द्यायला गेले. रविवारी तास नसे, अव्वा कुणा नातेवाइकाकडे गेल्या होत्या. आतून इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आलं कुणीतरी. डोकावले तर कमलाक्का जमिनीवर एकट्याच बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. बेंगळुरात थंडीत घरोघर हेच काम. एक प्रश्न विचारायच्या, चिमटीत एक वाल दाबून त्याचं साल काढायच्या, तेवढा वेळ उत्तराला द्यायच्या, मान हलवायच्या आणि पुढचं बोलायच्या. 'तुमचा दिवस कसा गेला? बाहेर फार थंडी आहे का? जेवण गरम करू?' असं चाललं होतं. मला पाहून त्या दचकल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या की घरातलं इंग्रजी बोलायला मिळत नाही, दुकानातलं तेवढं मिळतं. सराव नसला की विसरायला होतं. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर वाल सोलायला लागले. वाटलं होतं की त्या आता तेच प्रश्न मला विचारतील, पण त्या दिवशी त्या पुढे इंग्रजीत बोलल्याच नाहीत.

ज्या विद्यार्थिनीचं जायचं नक्की व्हायचं तिला कमलाक्का एकदा सिटी स्टेशनवर न्यायच्या. प्लॅटफॉर्म तिकिटं काढून आम्ही सगळ्याजणी आत जायचो. बाजूच्या रुळावर रिकामे डबे उभे असत, तिथला म्हातारा गार्ड ओळखीचा झाला होता, तो एक दार उघडून द्यायचा. जाणारीनं अंगात तो लोकरीचा कोट घालायचा, आत खिडकीशी बसायचं, आणि आम्ही बाहेरून तिला प्रश्न विचारून भंडावायचं. कमलाक्का कधी तिकीट तपासनीस व्हायच्या, कधी बंदरावरचा अधिकारी. कुठे जाता, ट्रंकेत काय आहे, तिकडे कोण आहे. जी रडली नाही आणि अडखळली नाही ती पास. हमाल कामं टाकून बघत उभे राहत. दुपारच्या उन्हात घामाघूम होऊन कोटातून उत्तरं देणाऱ्या बाईचं त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

विमला नावाच्या मुलीच्या वेळी गंमत झाली. ती फटाफट उत्तरं देऊन खाली उतरली आणि मी कमलाक्कांना म्हटलं, आता तुम्ही बसा, आम्ही विचारतो. त्या नको नको म्हणाल्या. आम्ही ऐकतोय कसल्या, त्यांना कोट घालून आत चढवलंच. खिडकीशी बसल्यावर मी आवाज घोगरा करून विचारलं, "मॅडम, व्हेअर आर यू गोइंग?" इतरजणी खिदळत होत्या. कमलाक्का समोर बघत म्हणाल्या, "आय ॲम गोइंग टु माय हस्बंड." तो आवाज त्यांच्या तासातला नव्हता. कोवळा होता. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला इंजिन येऊन लागलं आणि डब्याला धक्का बसून तो हळूच चालायला लागला. आम्ही ओरडलो, गार्ड धावला. शंटिंग होतं ते, डबा चार हात पुढे जाऊन थांबला. पण तेवढ्यात मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या घाबरल्या नव्हत्या. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून त्या हसत होत्या. मला रडू आवरेना. विमला माझी समजूत घालायला लागली, कारण तिला वाटलं की मी तिच्या जाण्यानं रडते आहे.

अशी वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, माझ्या इंग्रजीनं मॅनेजरच्या बाईंना पुरतं हैराण केलं. मग इंग्रज साहेब आपापल्या घरी गेले आणि त्यांच्या जागी आपलेच साहेब आले. ओट्यावर नव्या बायका येत होत्या, शिकून जात होत्या. मग एका पावसाळ्यात अव्वा गेल्या. झोपेतच गेल्या. विलायतेतल्या जुन्या पत्त्यावर तार केली, आणि तेराव्याला श्रीपादराव विमानानं येऊन पोचले.

गल्लीनं श्वास रोखून धरला. अव्वा होत्या तोवर सुनेला इथं राहणं भाग होतं, असं आता सगळे म्हणायला लागले. म्हातारीला टाकून कशी जाणार होती ती? आता पाश उरला नाही, आता तो तिला घेऊन जाणार. गौरम्मानं तर मला डोळे मिचकावून दांडीकडे पाहायला सांगितलं. पावसाळी, ढगाळ दिवस, आणि दांडीवर तो कोट वाळत होता. मीही मनातल्या मनात देवाला हात जोडले.

श्रीपादराव मला वाईट वाटले नाहीत, हे आधी कबूल करते. मी ठरवलं होतं की हा माणूस राक्षस असणार. निघाले एक गोरेगोमटे, सुटलेले, टक्कल पडलेले गृहस्थ, धुळीनं सारखे शिंकणारे. कानडी साफ विसरले होते. मराठी बोलताना दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखे जपून बोलत. त्यामुळे नवराबायको इंग्रजीतच बोलत. मी तिथे असायची, माझ्या कानांवर पडायचं. रात्री झोप नीट लागली का? हो, आभारी आहे. दूध नासलंय वाटतं, मी दुसरं मागवते. तसदी घेऊ नका. किती शुद्ध, किती सुंदर बोलायचे दोघं. आणि त्यात एकही वाक्य नवराबायकोचं नव्हतं. मला वाटायचं, ओरडून सांगावं की अहो, पायरी उतरा, खाली या दोघंही आणि काय ते बोला.

ते चार दिवस राहिले, आणि त्या दिवसांत तासही चालू होते. श्रीपादराव आतल्या दाराशी खुर्ची टाकून ऐकत बसत. कमलाक्का नव्या मुलींना 'गो' शिकवत होत्या आणि त्यांची पाठ ताठ होती, गालांवर रंग होता. इतकं छान शिकवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

श्रीपादरावांना विमानतळावर पोचवायला ह्यांनी कारखान्याची गाडी मागून घेतली होती. श्रीपादराव एकटेच निघाले. कमलाक्का ओट्यावर उभ्या होत्या. काही बोलणं झालं ते आत झालं असेल. बाहेर दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

संध्याकाळी हे घरी आले ते चेहरा टाकून. वाटेत श्रीपादरावांनी ह्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना तिकडे बायको होती, दोन मुलं होती, मोठा मुलगा शाळा संपवत आला होता. म्हणजे मी 'यस' म्हणून ओट्यावर येऊन बसले त्याच्याही आधीपासून. या खेपेला ते मुद्दाम हे सांगायलाच आले होते. रोज सकाळी उठून ठरवायचे आणि रोज राहून जायचं. ह्यांना म्हणाले, "ती इतकं चांगलं बोलते, की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही." आणि शेवटी विनंती केली की तुमच्या मिसेसचं तिच्याशी जवळचं आहे, तेव्हा त्यांनीच तिला हळूहळू समजावून सांगितलं तर बरं.

माझ्या संतापाचा भडका उडाला. समुद्र ओलांडून आलेला माणूस एक ओटा ओलांडू शकला नाही, आणि आता ते ओझं माझ्या डोक्यावर देऊन विमानात बसला. ह्यांना वाटत होतं की आपण यात पडू नये. पण मला वाटलं, कुणीतरी सांगायलाच हवं. किती वर्षं ती बाई मोजे घालून बसणार? आणि आमच्याकडेही वेळ नव्हता. ह्यांची दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झाली होती, सामान बांधायला काढलं होतं. मी गेल्यावर तिला हे सांगायला कोण उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी तासाच्या आधी गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, कानडीत, मराठीत, इंग्रजीतसुद्धा. कमलाक्का पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ह्यांनी विचारलं मला."

मी त्यांच्याकडे वळले.

"चल म्हणाले. आता अव्वा नाहीत, एकटी काय करतेस, चल." त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. "मी नाही म्हटलं."

कमलाक्का सावकाश सांगत राहिल्या. अव्वांचं वर्ष व्हायचं आहे. या मुलींना मध्येच कसं सोडायचं. आणि या वयात तिकडची थंडी सोसायची नाही. सगळं पटण्यासारखं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सांग हं. बोलावलं होतं म्हणून."

"सांगेन," मी म्हटलं. "बरं केलंत अक्का, नाही गेलात ते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू काही सांगायला आली होतीस?"

"नाही," मी म्हटलं, "सुम्ने. उगीच आले."

त्यांना ठाऊक होतं. काय ठाऊक होतं, कधीपासून, ते मला सांगता येणार नाही, पण त्या हाताच्या दाबावरून मला कळलं की माझ्याजवळ सांगायला आता काही शिल्लक नाही. कॉफी करते म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मुली जमायला लागल्या होत्या, त्यांना मीच पायरीखाली थांबवून ठेवलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. आणि मग मी खरंच सांगत सुटले. सामान बांधायचं सोडून चामराजपेटेत भेटेल त्या बाईला गाठून सांगितलं की श्रीपादराव न्यायलाच आले होते, चल चल म्हणून मागे लागले होते, कमलाक्कांनीच साफ नकार दिला. दूधवाल्याला सांगितलं, देवळात सांगितलं. गौरम्माला तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. माझ्या जिभेनं आयुष्यात पुष्कळ घोटाळे केले आहेत, पण तेवढ्या आठवड्यात तिचं सोनं झालं असं मी मानते.

बेंगळूर सोडलं त्या सकाळी मी जटकेवाल्याला, म्हणजे तिकडच्या टांगेवाल्याला, मुद्दाम त्यांच्या गल्लीतून घ्यायला सांगितलं. आदल्या दिवशी निरोप घेऊन झाला होता, पण पुन्हा एकदा बघावंसं वाटलं. कमलाक्का पायरीखाली उभ्या होत्या, त्यांच्यासमोर गौरम्मा आणि आणखी दोघीतिघी, दुकान उघडं टाकून आलेल्या. कमलाक्का कानडीत सांगत होत्या. ते पुन्हा पुन्हा म्हणाले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, पण मी म्हटलं, आता नाही. हात हलवून सांगत होत्या, मध्येच थांबून बायकांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि बायका मान डोलवत होत्या. जटका अगदी जवळून गेला. सांगण्यात त्या इतक्या रंगल्या होत्या की त्यांनी वर पाहिलं नाही. जटकेवाल्यानं विचारलं, थांबू का? मी नको म्हटलं.